वीस मिनिटांचं बोलणं

रेडिओचं स्वरयंत्र काढून आठ महिने झाले होते, आणि तिला अजूनही रेडिओ म्हणावं की नाही, याचा घोळ सगळ्यांच्या मनात होता. एक तिची मैत्रीण टकटक सोडून. बाकीचे चाचरत 'ताई' म्हणत, 'मॅडम' म्हणत, काही जण तर नुसतेच हसून वेळ मारून नेत. टकटक मात्र दारातूनच हाक द्यायची, "रेडिओ, मी आले गं," आणि चपला काढून सरळ आत. चाळीस वर्षांचं नाव ऑपरेशन झालं म्हणून बदलायचं म्हणजे काय, असं तिचं म्हणणं.

नावं दोन्ही स्टुडिओत पडलेली. रेडिओ डबिंग करायची. म्हणजे पडद्यावर तोंड हलायचं एकीचं आणि आवाज यायचा हिचा. टकटक पावलं वाजवायची. सिनेमात कोणी जिना चढलं, खडीवरून गेलं, तर तो आवाज बहुतेक वेळा तिथला नसतो. नंतर एका बंद खोलीत पडद्याकडे टक लावून कोणीतरी तीच पावलं पुन्हा टाकतं, आणि तो आवाज चिकटवतात. ते कोणीतरी म्हणजे टकटक. तिच्या ट्रंकेत चपला-बुटांचे बासष्ट जोड होते, पुरुषांचे बूट धरून. खोलीत जमिनीवर चौकटी केलेल्या होत्या, एकीत वाळू, एकीत खडी, एकीत फरशी, एकीत कुरकुरणारी फळी. नायिका असो की दरोडेखोर, सगळे हिच्याच पायांनी चालायचे. तिचे स्वतःचे पाय पाच नंबरचे, पण सहा फुटी फौजदार चालवायचा असला तरी ती मागे हटायची नाही.

रेडिओला रेडिओ का म्हणत, हे तर सांगायलाच नको. चहाच्या सुट्टीत तिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की चहा निवायचा, सुट्टी संपायची, रेकॉर्डिंगवाला काचेतून हात जोडायचा, आणि हिचं आपलं चालूच. ऐकणारी एकटी टकटक. कामात तोंड उघडायचं नाही आणि सुट्टीत संधी मिळायची नाही, अशी तिची चाळीस वर्षं गेली, आणि तिची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

आता रेडिओच्या गळ्याला मध्यभागी एक भोक होतं, त्यावर पातळ जाळीचं फडकं, आणि हातात पांढरी पाटी. पाटीवर ती लिहायची, पुसायची, परत लिहायची. घर तिचं पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी दूरच्या शहरात. मुलगी रोज फोन करून एकटीच बोलायची, आणि आई फोनवर नखाने वाजवायची. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. तीनदा वाजवलं की मुलीने समजायचं, आईला आता कंटाळा आलाय.

मग दवाखान्यातल्या थेरपीवाल्या पोरीने ती गोष्ट काढली. आजकाल म्हणे जुन्या रेकॉर्डिंगवरून कॉम्प्युटर माणसाचा आवाज बनवतो. फोनवर टाइप करायचं, आणि फोन तुमच्या आवाजात बोलणार. मात्र त्यासाठी किमान वीस मिनिटांचं बोलणं हवं. मागे संगीत नको, दुसरं कोणी मधे बोललेलं नको, रडणं-किंचाळणं नको, आणि सगळं एकाच ढंगातलं हवं. दहा मिनिटं एका सुरात आणि दहा दुसऱ्याच, असं नाही चालणार. ज्या संस्थेकडे हे काम होतं, ती ते वर्षातून दोनदाच करायची, आणि या खेपेची मुदत महिनाअखेर होती.

हे ऐकून टकटकचा जीव भांड्यात पडला. वीस मिनिटं! जिने चाळीस वर्षं माइकसमोर काढली, जिच्या वहीत एकशे त्रेचाळीस सिनेमांची यादी होती, तिला वीस मिनिटं जड जाणार? साध्या बायकांचं काय होत असेल, असा विचार करून टकटकला उलट बाकीच्यांचीच दया आली. घरगुती व्हिडिओत रेडिओ होती, पण तिथे सगळे एकदमच बोलत होते. ऑपरेशनच्या आधीचं वर्षभर तिचा घसाच बसलेला, त्यामुळे फोनवरचं रेकॉर्डिंग म्हणजे नुसती खरखर. पण सिनेमे तर होते.

सिनेमे होते, आणि तिथेच सगळं अडलं. चाललेल्या सिनेमांतला एकही कामाचा नव्हता. चाललेल्या सिनेमात बोलण्यामागे संगीत असतं. नायिका 'दार लाव' म्हणाली तरी मागे चाळीस व्हायोलिनं रडतायत. उरले न चाललेले. जे आठवडाभरात उतरले, जे लागलेच नाहीत, जे लागले कधी आणि गेले कधी हे बनवणाऱ्यालाही आठवत नाही, असे. अशा सिनेमांत संगीताच्या नावाने बोंब असायची, त्यामुळे बोलणं अगदी कोरडं, स्वच्छ. दिग्दर्शकाची तेव्हाची फजिती आता या दोघींच्या पथ्यावर पडली होती.

बाजारामागच्या गल्लीत जुन्या डिस्क विकणारा एक दुकानदार होता. त्याला यादी दाखवल्यावर तो आधी बराच वेळ यादीकडे आणि मग या दोघींकडे बघत राहिला. हे सिनेमे मागणारं गिऱ्हाईक त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. पण त्याने माळ्यावरून खोकी उतरवली, धूळ झटकली आणि सतरा सिनेमे काढून दिले.

रोज दुपारी तीन ते सहा, रेडिओच्या बाहेरच्या खोलीत, पडदे ओढून. टकटककडे थांबघड्याळ, रेडिओकडे पाटी. जिथे स्वच्छ बोलणं आलं तिथे टकटकने घड्याळ दाबायचं आणि रेडिओने मिनिटं लिहायची, असं ठरलं. पहिल्याच दिवशी एक गंमत उघडी पडली. या दोघींनी त्यातला एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. काम केलं होतं, पण पाहिला नव्हता. टकटकने पाय पाहिले होते, रेडिओने ओठ. तेही तुकड्या-तुकड्यांनी, एक तुकडा वीस-वीस वेळा, उलटसुलट क्रमाने. मधली माणसं, त्यांचे डोळे, त्यांचं काय झालं, कोण वाचलं, कोण गेलं, कशाचाच पत्ता नाही.

म्हणून सिनेमांची नावंही दोघींच्या लेखी वेगळी. टकटक म्हणायची, "तो खडीचा." रेडिओ पाटीवर लिहायची, 'वाकड्या दाताची.' सिनेमा एकच. खडीचा सिनेमा एका पूल बांधणाऱ्या इंजिनिअरचा निघाला. त्याची बायको, म्हणजे वाकड्या दाताची, सबंध सिनेमाभर त्याची वाट बघत बसते अशी टकटकची समजूत होती, कारण तिने त्या बायकोला दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत कमीत कमी साठ वेळा चालवलं होतं. आता कळलं की ती वाट बघत नव्हती. ती पळून जायचं धाडस गोळा करत होती. शेवटी ती जाते, वजनकाट्याच्या कचेरीत नोकरी धरते, आणि पूल पुरा झाल्यावर पहिला ट्रक तिच्याच काट्यावर येतो. मग टकटक म्हणाली की हा तर चांगला होता. रेडिओने मान हलवली. चांगला होता आणि कोणी पाहिला नव्हता. न पाहणाऱ्यांत या दोघीही आल्या.

सगळेच काही तसे नव्हते. ओल्या फरशीचा म्हणजे निव्वळ वैताग. त्यात खलनायक मरायला अकरा मिनिटं घेतो आणि मरताना सगळ्यांची माफी मागतो. टकटकला मधेच डुलकी लागली आणि रेडिओने पाटीने तिच्या गुडघ्यावर टोला हाणला. एकात नायिका जुळी होती, हे रेडिओला आज कळलं. तेव्हा कोणी सांगितलंच नव्हतं, तिने दोघींना एकच आवाज देऊन टाकला होता, आणि समीक्षकांनी तेवढ्यावरून दिग्दर्शकाला झोडपलं होतं. रेडिओ हसायला लागली. तिचं हसणं आता नुसत्या हवेचं होतं, खांदे हलायचे आणि फडक्याखालून फुसफुस व्हायची. टकटक घड्याळाचा आकडा बघत राहिली.

दहाव्या दिवशी लाकडी जिन्याचा निघाला. त्यात एक ग्रंथपाल बाई, आणि एक आंधळे झालेले न्यायाधीश. ती रोज संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन त्यांना पुस्तकं वाचून दाखवते. बस, एवढाच सिनेमा. आवाज असा की ऐकत राहावं. मऊ, संथ, प्रत्येक शब्द पुसून ठेवल्यासारखा. संगीत नाही, भांडण नाही. तेरा मिनिटं भरली. त्याच नटीचा दुसरा एक सिनेमा होता, गवताचा, त्यातही रेडिओने तिला तोच आवाज दिलेला. त्यात दहा. एकूण तेवीस.

रेडिओच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रंग आला. तिने पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'झालं!' आणि खाली दोन रेघा मारल्या. हा तिचा गाजलेला आवाज होता. सिनेमा नव्हता गाजला, पण स्टुडिओत त्या आवाजाचं नाव होतं. इतर कामांना माणसं येत तेव्हा 'तो ग्रंथपालाचा द्या' म्हणून मागणी करत. मुलीलाही तिने एक तुकडा फोनवर ऐकवला. मुलगी म्हणाली, आई, तुला आवडेल तो घे, तू बोलायला लागलीस की बास.

टकटकनेही छान म्हटलं. छान होताच. पण घरी गेल्यावर तिचं कशातच लक्ष लागेना. ती भाऊ-वहिनीबरोबर राहायची, आणि वहिनीने दोनदा विचारलं की काय बिनसलंय. काही नाही म्हणाली. बिनसलं ते असं होतं, की आवाज सुंदर होता आणि त्यात रेडिओ कुठेच नव्हती. येत्या सोमवारी फाइल द्यायची होती, ती गेली की रेडिओ मरेपर्यंत त्या ग्रंथपाल बाईच्या तोंडाने बोलणार. खिडकी लाव, औषध दे, तुझ्या भावाला काही अक्कल आहे का, सगळं त्या मऊ सुरात. टकटकला तिची मैत्रीण ऐकायची होती. दुसरं काही नको होतं. आणि ती कुठल्या सिनेमात सापडायची? रेडिओने तर प्रत्येक चेहऱ्याला नवा गळा शिवलेला. एकशे त्रेचाळीस गळे, आणि त्यातला एकही तिचा नाही.

दुसऱ्या दिवशी ती तासभर आधीच गेली आणि वही मागून घेतली. वही वाचायची तिची पद्धत निराळी. ती नावं वाचत नव्हती, जोड मोजत होती. उंच टाचा, खडावा, सैनिकी बूट, अनवाणी, परत उंच टाचा. शेवटपर्यंत गेली आणि थांबली. मग पहिल्यापासून परत.

"रबरी स्लिपर कुठे गेली?" तिने विचारलं.

रेडिओने खांदे उडवले. पण तिची नजर खिडकीकडे गेली, आणि टकटकने ते बरोबर टिपलं. रबरी स्लिपरचा सिनेमा होता. टकटक विसरणं शक्यच नव्हतं, कारण एक घरमालकीण सबंध सिनेमाभर फटक-फटक करत वरच्या मजल्यावरून खाली आणि खालून वर करते, आणि ती चालवता-चालवता टकटकच्या अंगठ्याला फोड आला होता. एरवी तिला पावलं मुक्या चित्रावर टाकावी लागत. इथे घाई इतकी, की आवाज आधी भरून झाला होता. दोन दिवस ती रेडिओच्या बोलण्याच्या तालावर चालली होती.

दुकानदाराकडे तो सिनेमा सापडला. फुकट दिला तरी कोणी नेत नाही म्हणून खोक्याच्या तळाला पडून होता.

तीन वाजता पडदे ओढले. सिनेमा म्हणाल तर एक भाडेकरू, एक बंद नळ आणि ती घरमालकीण. भाडेकरू बिचारा कविता करणारा, आणि ही त्याला नळावरून बोलते, जिन्यातल्या दिव्यावरून बोलते, वाळत घातलेल्या मोज्यांवरून बोलते. मग तो आजारी पडतो, तर उशाशी बसून आजारी पडल्याबद्दल बोलते. आवाज जरा फाटका, वर चढणारा, वाक्य संपायच्या आत पुढचं वाक्य सुरू. पहिलं वाक्य आलं आणि टकटकच्या हातातलं घड्याळ दाबायचं राहूनच गेलं. तिचे पाय सतरंजीवर आपोआप हलायला लागले. फटक, फटक. ही तिची रेडिओ होती, इतक्या दिवसांनी, जशीच्या तशी.

रेडिओने रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

पाटीवर तिने लिहिलं, 'हा नको.'

टकटकने समजावून बघितलं. बावीस मिनिटं सहज भरतील, मागे संगीताचं नाव नाही, थेरपीवालीच्या सगळ्या अटींत बसतंय. रेडिओ ढिम्म. शेवटी टकटक म्हणाली, "अगं, हा तुझा आवाज आहे."

रेडिओने लिहिलं, 'म्हणूनच नको.'

मागची गोष्ट टकटकला ठाऊक होती. सोळाव्या वर्षी रेडिओ पहिल्यांदा चाचणीला गेली तेव्हा काचेपलीकडचा माणूस हसून म्हणाला होता, की भांड्यांचा माळा कोसळला की काय. सगळे हसले होते. घरी आई आधीपासूनच म्हणायची, हळू बोल, गल्लीला ऐकू जातं. त्या दिवसापासून रेडिओने दुसरे आवाज शिवायला घेतले ते घेतलेच. दुकानात एक आवाज, शेजारणीशी एक, नवऱ्याशी एक, मुलीसाठी खास आईचा असा एक. खरा आवाज ती फक्त टकटकसमोर काढायची, कारण टकटकसमोर कशाला मेहनत घ्यायची. त्या सिनेमाच्या वेळी अंगात ताप होता, स्टुडिओ संध्याकाळी रिकामा करून द्यायचा होता, नवा गळा शिवायला ना वेळ होता ना त्राण. तिने वाचलं तसं बोलून टाकलं. मग इतकी लाज वाटली की श्रेयनामावलीत नाव येऊ दिलं नाही आणि वहीतही लिहिलं नाही.

"ती गोड बाई मला काय करायची आहे?" टकटक म्हणाली. "मला तू हवी आहेस."

रेडिओने पाटी पुसली. मग लिहिलं, 'बोलायचं मला आहे.'

हे खरंच होतं. गळा तिचा, आयुष्य तिचं, आणि आयुष्यात एकदा तरी चांगला आवाज मिरवावा असं तिला वाटलं तर त्यात वावगं काय? टकटकने थांबघड्याळ पर्समध्ये टाकलं, चपला घातल्या आणि गेली.

सोमवारी रेडिओने दुकानदाराकडून करून घेतलेली ग्रंथपालाची फाइल दवाखान्यात दिली. मंगळवारी टकटक एकटीच तिथे गेली आणि रबरी स्लिपरची दिली. थेरपीवालीने विचारलं, मावशींना माहीत आहे ना? टकटक म्हणाली, हो, तिनेच पाठवलंय. साठी उलटलेल्या बाईने इतकं धडधडीत खोटं बोलावं, आणि तेही कपाळावर आठी न पडता. बाहेर आल्यावर मात्र ती दवाखान्याच्या पायरीवर दहा मिनिटं बसून राहिली. आपण केलं ते चूक आहे, याबद्दल तिच्या मनात काडीचा संशय नव्हता. फाइल परत मागायला मात्र ती उठली नाही.

महिन्याने बोलावणं आलं. दुपारी चारची वेळ. दोघी बसने गेल्या. बोलून टाकावं असं टकटकला तीनदा वाटलं, आणि तिन्ही वेळा तिने खिडकीबाहेर बघितलं.

थेरपीवालीची खोली लहान, एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर गळ्याच्या आतल्या भागाचं चित्र. तिने रेडिओच्या फोनमध्ये सगळं आधीच घालून ठेवलं होतं. टाइप करा आणि हे हिरवं बटण दाबा, म्हणाली. रेडिओने साडीचा पदर सारखा केला, घसा खाकरायची जुनी सवय म्हणून मान वर केली, आणि टाइप केलं.

"नमस्कार. मला थोडं पाणी मिळेल का?" फोन म्हणाला.

ग्रंथपाल बाईच बोलली. तोच मऊपणा, तोच संथपणा. थेरपीवालीने टाळ्या वाजवल्या. रेडिओच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने आणखी दोन वाक्यं बोलून बघितली, हवेबद्दल एक आणि थेरपीवालीच्या कानातल्यांबद्दल एक, आणि दर वेळी तिचा चेहरा थोडा-थोडा उजळत गेला. टकटक हसली. तिने मनातल्या मनात ठरवून टाकलं की आता गप्प बसायचं, हिला हेच हवं आहे, आणि हळूहळू आपल्यालाही सवय होईल.

तेवढ्यात थेरपीवाली म्हणाली, "आणि मावशी, तुमचा दुसरा आवाजही तयार आहे हं. या काकूंनी आणून दिलेला."

रेडिओने फोनवर बघितलं. 'आवाज एक.' 'आवाज दोन.' मग टकटककडे बघितलं. टकटकने मान खाली घातली.

रेडिओ टाइप करायला लागली. रागाने बोटं चुकत होती, ती खोडून परत टाइप करत होती. मग बटण दाबलं.

"तुला कोणी सांगितलं होतं मधे नाक खुपसायला?" फोन म्हणाला. इतका गोड म्हणाला, की जणू चहात साखर किती हे विचारतोय.

रेडिओने फोनकडे डोळे वटारले. परत टाइप केलं. "मी भयंकर चिडले आहे," फोन लाडिकपणे म्हणाला. थेरपीवालीने ओठ घट्ट मिटले. "विश्वासघात केलास तू माझा," फोन म्हणाला, आणि हे तर आंधळ्या न्यायाधीशांना वाचून दाखवतात तसं, प्रत्येक शब्द सुटा करून. थेरपीवालीला हसू आवरेना, तिने तोंडावर हात धरला. "यात हसण्यासारखं काय आहे?" फोनने तिला अत्यंत मायेने विचारलं. त्यासरशी ती पोर खुर्चीतच वाकली.

रेडिओच्या अंगाचा तिळपापड झाला होता. चेहरा लाल, गळ्यावरचं फडकं जोरजोरात वर-खाली. चाळीस वर्षांच्या मैत्रिणीने चोरून आपला आवाज विकावा तसा देऊन टाकला, आणि तिला धड झापताही येऊ नये? काही झालं तरी तो गळा दुसऱ्या बाईचा होता. त्या बाईने सबंध सिनेमात कोणाला झापलेलंच नव्हतं. रेडिओने फोनवर बोट आपटलं, आणि बोट आपटलं ते 'आवाज दोन'वर. मग ती टाइप करत बसली. बराच वेळ. थेरपीवालीचं हसू थांबलं. टकटकने हात मांडीवर घेतले.

"लपून-छपून आलीस ते आलीस, वर या पोरीला खोटं सांगितलंस?" फोन म्हणाला, आणि खोली भरून गेली. "मला विचारायला तुझी जीभ झिजत होती का? माझा गळा कापून नेलाय, तुझा शाबूत आहे ना, मग वापर की तो. आणि आता मान खाली घालून काय बसलीस, गरीब गाय कुठली. मला काय कळत नाही? महिनाभर बघतेय, हिचं काहीतरी चाललंय. बसमध्येसुद्धा खिडकीबाहेर बघत होतीस, बाहेर काय होतं बघण्यासारखं? भिंत होती. भिंत!"

शब्दांचे काही जोड कॉम्प्युटरचे होते, मधेच एखादं अक्षर चुकत होतं. पण वाक्य संपायच्या आत पुढचं वाक्य सुरू होत होतं. टकटक रडत होती. तिने लपवलं नाही आणि डोळेही पुसले नाहीत.

"अजून बोल," ती म्हणाली.

रेडिओ तिच्याकडे बघत राहिली. बोट हिरव्या बटणावर तसंच. फोनवर अजून 'आवाज दोन' होता, आणि तिने तो बदलला नाही. ती परत टाइप करायला लागली.

"आता रडायला काय झालं?" फोन म्हणाला. "ऊठ, साडेपाचची बस गेली तर पुढची सातला आहे. आणि तोवर मी तुझ्याशी एक अक्षर गोड बोलणार नाहीये, आत्ताच सांगून ठेवते."

टकटक उठली नाही. साडेपाचची बस तिने जाऊ दिली.